जहाजे हलत नाहीत

जहाजं हलेनात.

निळ्या चौकटीवर बारा पांढरे ठिपके. डाव सुरू झाला की पहिल्या नऊ-दहा चालींत ती बंदरातून निघायची, आपापल्या बेटावरच्या खाणीवर जाऊन उभी राहायची आणि मग तिथेच. चाल चाळीस, चाल ऐंशी, चाल दोनशे. खालचा आकडा पळत होता आणि ठिपके डिंकाने चिकटवल्यासारखे. समोरच्याच्या लाल ठिपक्यांनी तोवर सगळी बेटं खाऊन टाकली. तीनशेव्या चालीला डाव संपला. पराभव. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, बंदरात आणलेला माल : शून्य.

"हलतायत का?" मेहुणीने स्वयंपाकघरातून विचारलं.

"नाही."

"गेल्या आठवड्यात बुडत होती ना?"

"आता बुडत नाहीत."

"मग सुधारणा आहे की, भावोजी." ती हात पुसत बाहेर आली. बहीण गेल्यापासून दर रविवारी ती यायची, दोन दिवसांचं काहीतरी करून ठेवायची आणि त्याच्याशी दोन घटका हुज्जत घालून जायची. "या वयात माणसं बागेत फिरतात, एकमेकांना गुडघे दाखवतात. तुम्ही दार लावून जहाजं बुडवता. तीही स्वतःचीच."

तो खालचा आकडा वाचत राहिला. तो शहराच्या पाणीपुरवठ्याच्या तीन नंबरच्या पंपहाऊसवर गेली एकतीस वर्षं होता, आणि मोटरच्या आवाजात एकतीस वर्षं काढलेल्या माणसाला उत्तर न देण्याची सवय लागते. सकाळी सहा ते दुपारी दोन. मोटर चालू करायची, दाब बघायचा, दर तासाला वहीत आकडा लिहायचा, टाकी भरली की बंद करायची. पुढच्या पाळीचा माणूस आला की वही त्याच्या हातात द्यायची, सही घ्यायची आणि घरी जायचं. सगळे त्याला ऑपरेटरच म्हणायचे. बायकोसुद्धा. "ऑपरेटरसाहेब, शहराला पाणी पाजलंत, आता घरातली बादली भरा."

मेहुणी गेल्यावर त्याने परत डाव लावला. परत शून्य.

हा खेळ हाताने खेळायचा नसतो. खेळणारा प्रोग्रॅम लिहायचा, त्याला बॉट म्हणतात, आणि तो पाठवून द्यायचा. मग तिकडे कुठेतरी तुमचा बॉट दुसऱ्याच्या बॉटशी खेळतो आणि तुम्ही फक्त बघता. जहाज कधी निघेल, कुठे थांबेल, माल भरल्यावर काय करेल, शत्रू आला तर लढेल की पळेल, सगळं आधी लिहून ठेवायचं. डाव सुरू झाल्यावर बोट लावायला मिळत नाही. जे लिहिलं ते भोगायचं. बॉट धड चालला तर यादीत नंबर लागतो. यादीत दोन हजारांवर बॉट होते. ऑपरेटरला जिंकायचं नव्हतं. त्या यादीत यायचं होतं, कारण त्या यादीत अडतिसाव्या नंबरावर त्याची मुलगी होती, आणि ती सहा वर्षं त्याच्याशी बोललेली नव्हती.

हेही त्याला मेहुणीमुळेच कळलेलं. वर्षापूर्वी ती बोलून गेली, "तिचं बरं चाललंय हो. नोकरी आहे. कसल्याशा खेळात नंबर काढते, कॉम्प्युटरच कॉम्प्युटरशी खेळतो म्हणे. तिथे नाव पण काय घेतलंय, तर किटकिट." आणि तिने जीभ चावली.

किटकिट हे नाव त्यानेच ठेवलेलं. चार वर्षांची असताना पंपहाऊसवर यायची आणि एकसारखी विचारायची, पाणी वर कसं चढतं, मग खाली का नाही पडत, टाकीला कंटाळा येत नाही का. तो म्हणायचा, "बस कर गं तुझी किटकिट." ती बस करायची नाही.

त्याने दुरुस्तीच्या दुकानातून जुना लॅपटॉप आणला. दहावी पास माणूस, पंचावन्नाव्या वर्षी. फुकटातले धडे बघून, वहीत शब्द उतरवून, डिक्शनरीत अर्थ शोधून तो शिकायला लागला. पहिल्या दिवशी त्याने ओळीच्या शेवटी पूर्णविराम दिला, कारण वाक्य संपलं की पूर्णविराम द्यायचा असतो. कॉम्प्युटरला तो चालेना. त्याला दोन टिंबं हवी होती, तीही त्याला वाटेल तिथे. मग मोजणी. बारा जहाजं म्हणजे एक ते बारा असं कुणीही शहाणा माणूस म्हणेल. इथे शून्य ते अकरा. ऑपरेटरने बाराव्या जहाजाला हुकूम सोडला आणि अख्खा प्रोग्रॅम जागच्या जागी मेला. मग त्याने लिहिलं, माल भरेपर्यंत उभं राहा. माल भरायला चाल संपायला हवी, चाल संपायला प्रोग्रॅमने थांबायला हवं, आणि प्रोग्रॅम तर माल भरायची वाट बघत गरगर फिरतोय. 'वेळ संपली' एवढं लिहून येई. तीन आठवडे त्याला वाटत होतं की आपला लॅपटॉपच म्हातारा आहे. त्यानंतर बाराच्या बारा जहाजं माल भरून एकाच चालीत बंदरात शिरली आणि एकमेकांवर आपटून बुडाली. शत्रू तोवर पोचलाही नव्हता.

मदत मागायला त्याच ठिकाणी एक फळा होता, नवशिक्यांसाठी. कुणी अडला की तिथे लिहायचं आणि जाणकार उत्तर द्यायचे. जाणकारांतले बहुतेक माजोरडे. आपण कालपर्यंत काय होतो ते विसरलेले. प्रश्न विचारणाऱ्याची अक्कल काढल्याशिवाय त्यांना उत्तर फुटायचं नाही. एक किटकिट तेवढी वेगळी होती. ती रविवारी दुपारी फळ्यावर यायची आणि कुणाही ऐऱ्यागैऱ्याला समजावत बसायची. 'रडू नका, हे सगळ्यांचं होतं.' 'आधी पाणी प्या, मग तिसरी ओळ बघा.' ऑपरेटरने सहा महिने तिची ही दुसऱ्यांना दिलेली उत्तरं वाचली होती. काही त्याला पाठ होती. बाप लेकीचा आवाज असा ऐकत होता, लोकांच्या घरच्या भिंतीला कान लावून.

त्या रविवारी दुपारी तीन वाजता त्याने फळ्यावर लिहिलं. स्वतःचं नाव 'नवशिक्या' असं घातलं. लिहायला त्याला पाऊण तास लागला.

'माननीय महोदय, माझी जहाजे हलत नाहीत. सर्व उपाय करून पाहिले. सोबत प्रोग्रॅम जोडला आहे. तरी योग्य ते मार्गदर्शन व्हावे, ही विनंती. आपला नम्र.'

प्रश्न खरा होता. पण वार रविवार होता आणि वेळ तिची होती. याला फसवणूकच म्हणतात, दुसरा शब्द नाही, आणि ते त्याला कळत होतं.

पहिलं उत्तर एका माजोरड्याचं आलं. 'हा प्रश्न आहे की अर्ज? तीन प्रतींत दिलाय का?'

दुसरं वीस मिनिटांनी आलं.

'त्याच्याकडे लक्ष देऊ नका. मार्गदर्शन व्हावे! किती वर्षांनी वाचलं हे. काका आहात का तुम्ही?'

ऑपरेटरने हात मांडीवर ठेवले. मग एकेक अक्षर शोधत टाइप केलं. 'वय छप्पन.'

'मग काकाच. चारशे ओळी आहेत हो काका! एका बैठकीत नाही जमायचं. आज पहिल्या शंभर बघू. चालेल?'

'चालेल.'

'आणि माननीय महोदय नको. मुलगी आहे मी.'

'माहीत आहे,' असं त्याने लिहिलं, खोडलं, आणि 'बरं' लिहिलं.

काय झालं होतं ते सांगायला हवं, कारण त्या घरात कुणी सांगत नव्हतं.

सहा वर्षांपूर्वी बायको हॉस्पिटलात होती, चौथा दिवस. जवळ वीस वर्षांची मुलगी. ऑपरेटर सकाळी सहाला कामावर गेला होता. दोनला त्याचा रिलीव्हर, म्हणजे पुढच्या पाळीचा माणूस, यायचा, ज्याला सगळे उशीरशेठ म्हणत, आणि हे नाव उगाच पडलेलं नव्हतं. पाणीपुरवठ्याचा नियम असा की रिलीव्हर आल्याशिवाय जागा सोडायची नाही. दोन वीसला मुलीचा फोन आला. "बाबा, डॉक्टर म्हणतायत घरच्यांना बोलवा." तो म्हणाला, "येतो. रिलीव्हर आला की निघतोच." चारला परत. "आई विचारतेय." "आलोच गं. रिलीव्हर आला की." पाच वाजून पाच मिनिटांनी तिसरा. त्यात ती काही बोललीच नाही. नुसता फोन धरून ठेवला, आणि त्याला वॉर्डातल्या खाटा ओढल्याचा आवाज ऐकू आला. सहाला ऑफिसने दुसरा माणूस पाठवला. ऑपरेटरने त्याच्या हातात वही दिली, सही घेतली आणि मग गेला. सही घेतली!

उशीरशेठ सासऱ्याच्या घरी झोपला होता. त्याला एक मेमो मिळाला.

ऑपरेटरला प्रशस्तिपत्र मिळालं. दोन महिन्यांनी ऑफिसच्या वार्षिक कार्यक्रमात, काचेच्या चौकटीत, कर्तव्यनिष्ठ कर्मचारी. ज्याला रिलीव्हर वेळेवर पाठवता येत नाही ते ऑफिस, आपल्या नालायकीला फुलं वाहायला त्याला स्टेजवर उभं करत होतं, आणि हा उभा राहिला. वर दोन शब्द बोलला. म्हणाला, मी पंप सोडला असता तर मोटर जळली असती, अर्धं शहर तहानेनं मेलं असतं. साहेबांनी डोळे टिपले. पहिल्या रांगेत उशीरशेठ सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होता. मावशीने ओढून आणलेली मुलगी मागच्या खुर्चीवरून उठली. तो चौकट घेऊन घरी पोचला तेव्हा तिची बॅग गेलेली होती.

तो आला नाही, हे कदाचित तिने गिळलं असतं. टाळ्या तिला गिळता आल्या नाहीत.

दुसऱ्या रविवारी त्यांनी पुढच्या शंभर ओळी काढल्या. तिने त्याला एक खाजगी खिडकी उघडून दिली, म्हणजे माजोरड्यांचा ताप नको.

'काका, तुमच्या ओळींच्या आधीच्या रिकाम्या जागा कुठे चार, कुठे तीन. असं नाही चालत.'

'वहीत तर दिसायला सरळ होत्या.'

'वहीत?'

'आधी वहीत लिहितो. मग इथे उतरवतो.'

'अगं बाई!' तिने लिहिलं. थोड्या वेळाने, 'मीपण आधी वहीतच लिहायचे. कॉलेजात असताना. आमच्याकडे कॉम्प्युटर नव्हता. लिहिलं की आईला वाचून दाखवायचे, ओळ न् ओळ. तिला ओ की ठो कळायचं नाही. शेवटी म्हणायची, छान आहे, पण शेवट गोड कर.'

ऑपरेटर ते वाचत बसला. हे कधी व्हायचं? त्याच घरात, याच टेबलावर. सकाळीच होत असणार, तो कामावर असताना. बायकोने त्याला कधी सांगितलं नाही. किंवा सांगितलं असेल आणि मोटरचा आवाज डोक्यात घेऊन बसलेल्या माणसाला ते ऐकू गेलं नसेल.

'काका? आहात का?'

'आहे. आई हुशार होत्या.'

'हो. तुमच्या घरी कोण कोण?'

'मी.'

'बरं. एकशे बाराव्या ओळीवर या.'

ती शिंकत होती त्या दिवशी. मधेच लिहायची, 'थांबा, शिंक.' त्याने लिहिलं, 'गरम पाण्याची वाफ घ्या. टॉवेल डोक्यावरून घ्यायला विसरू नका.' तिने लिहिलं, 'काका, तुम्ही जहाजं सांभाळा.' आणि तो खोलीत एकटाच मोठ्याने हसला. आपलं हसणं कसं ऐकू येतं ते त्याला नवंच होतं.

आठवडाभर तो खुशीत होता. पंपावर उशीरशेठ दोनऐवजी पावणेतीनला आला तरी काही बोलला नाही. उशीरशेठच म्हणाला, "काय ऑपरेटर, शिव्या संपल्या काय? तब्येत बरी ना?"

"सही कर," ऑपरेटर म्हणाला.

तिसऱ्या रविवारी ते तीनशे चाळिसाव्या ओळीपर्यंत पोचले. तोवर बंदरातली टक्कर सुटली होती, रिकाम्या जागा सरळ झाल्या होत्या, आणि जहाजं अजून हलत नव्हती.

'काका, एक विचारू? ही खूण केल्यावर पुढे जे लिहितो ते कॉम्प्युटर वाचत नाही, माणसासाठी असतं. बरोबर. पण तुम्ही केवढं लिहिलंय! "जहाज क्र. ५ बंदराकडे वळवले. कारण : माल भरला." "जहाज क्र. ७ थांबवले. कारण : पुढे अडथळा." प्रत्येक ओळीला कारण!'

'कारण लिहायचं असतं.'

मग खाली आलं, 'सापडलं! इथे आहे घोळ. तुम्ही लिहिलंय की दुसरं जहाज शेजारी येऊन उभं राहिल्याशिवाय पहिल्याने खाण सोडायची नाही. हे कशाला?'

'जागा मोकळी सोडायची नसते. शत्रू घेतो.'

'घेऊ दे की. परत घेता येते. पण बघा काय झालंय. पाच नंबर सातची वाट बघतंय. सात तीनची. तीन परत पाचची. बाराही जहाजं पोटात माल भरून उभी आहेत, आणि बाराही जणांना वाटतंय की आपण नियमाने वागतोय.'

त्याने ते चार वेळा वाचलं. कागदावर बारा गोल काढले आणि बाण मारले. बाण फिरून परत पहिल्यापाशी आले. इतके दिवस त्याने प्रत्येक ओळ तपासली होती, ही सोडून. त्याच्या दृष्टीने ही ओळ नव्हतीच. पाणी खाली वाहतं तसं ते होतं. ते काय तपासायचं?

'मग काय करायचं?'

'ओळ काढून टाका.'

'नियम असा काढता येत नाही.'

'काका, तुम्हीच लिहिलाय. तुम्हीच काढायचा. दुसरं कोण काढणार?'

'पण जागा...'

मग आलं, 'तुम्ही काम काय करता?'

त्याला खोटं बोलता आलं असतं. शिपाई म्हणता आलं असतं, मास्तर म्हणता आलं असतं. पुढचा रविवार मिळाला असता, त्याच्या पुढचाही. काका म्हणून तो मरेपर्यंत तिच्याशी बोलू शकला असता. चारशे ओळी संपल्या असत्या तर आणखी चारशे चुकीच्या लिहिल्या असत्या. त्याने किबोर्डावरून हात काढले. परत ठेवले.

'पंपावर असतो,' त्याने लिहिलं.

खिडकी गप्प. तिच्या नावापुढचा हिरवा ठिपका मात्र होता. तीन चाळीस. तीन पंचेचाळीस. ऑपरेटर उठला नाही. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

मग आलं. त्यात काका नव्हतं.

'त्या दिवशी रिलीव्हर किती वाजता आला?'

'आलाच नाही. सहाला ऑफिसने दुसरा पाठवला.'

'पंप बंद करून निघाला असतात तर काय झालं असतं?'

इथे स्टेजवरचं उत्तर तयार होतं. मोटर, आग, तहानलेलं शहर. सहा वर्षं तो ते सांगत आला होता, साहेबांना, मेहुणीला, न्हाव्याला, आरशाला. इतक्या वेळा सांगितलेलं की त्यालाही मोटर जळाल्याचा वास येऊ लागला होता.

'काही झालं नसतं,' त्याने लिहिलं. 'टाकी दीडलाच भरली होती. मोटर बंदच होती. मी नुसता बसलो होतो.'

'काय?'

'संध्याकाळी पाचचं पाणी सोडायचं राहिलं असतं. वरच्या वस्तीला तासभर उशिरा गेलं असतं. दुसरं काही नाही.'

'मग का बसला होतात?'

हा प्रश्न त्याला कुणी विचारला नव्हता. ऑफिसने नाही, कारण त्यांना उत्तर नको होतं. मेहुणीने नाही, कारण तिला दया होती. त्याने स्वतः तर नाहीच नाही. बोटं अक्षरं शोधू लागली. एक शब्द चुकला, तो पुसून परत लिहिला. धड्यात शिकवल्यासारखं, एका ओळीत एक गोष्ट.

'भीती वाटत होती.'

'हॉस्पिटलात यायची.'

'तिला तसं बघायची.'

'रिलीव्हर आला नाही, तेव्हा मला बरं वाटलं होतं.'

शेवटची ओळ पाठवल्यावर ती परत घ्यायची सोय आहे का, हे त्याने शोधलं नाही. तिच्या नावापुढचा हिरवा ठिपका आणखी बराच वेळ होता. म्हणजे ती वाचत होती, किंवा नुसती बसली होती. साडेचारच्या सुमारास ठिपका गेला.

सोमवारी, कामावरून आल्यावर, त्याने तीनशे चाळिसावी ओळ काढली. निवडली आणि एक बटण दाबलं. आवाजसुद्धा झाला नाही. डाव लावला. अकराव्या चालीला पाच नंबरचं जहाज खाण सोडून निघालं. मागे जागा मोकळी. चौदाव्या चालीला शत्रूने ती घेतली. ऑपरेटर खुर्चीतून अर्धा उठला. पाच नंबर तोवर बंदरात पोचलं होतं, माल उतरवून वळलं होतं, आणि विसाव्या चालीला सात नंबरने जाऊन ती खाण परत घेतली. कुणी मेलं नाही. आता बाराही ठिपके हलत होते, येत होते, जात होते, एकमेकांना वाट देत होते. तो डावही हरला, पण माल शून्य नव्हता. बुधवारी पहिला डाव जिंकला. शुक्रवारी त्याचा बॉट यादीत चढला. नवशिक्या, सहाशे अकरा.

शनिवारी, तिचा वार नसताना, मेहुणी आली. चप्पल काढताना म्हणाली, "तिला काय बोललात तुम्ही?"

"तिने फोन केला?"

"केला. सगळं नाही सांगितलं. रडली नाही, ओरडली नाही. म्हणाली, मावशी, मला माहीतच होतं, फक्त त्यांच्या तोंडून हवं होतं." मेहुणी त्याच्याकडे बघत राहिली. "काय माहीत होतं हो, भावोजी?"

त्याने सांगितलं. तिलाही. उभ्या उभ्या, तीन वाक्यांत. मेहुणी स्टुलावर बसली. पिशवी मांडीवर तशीच. म्हणाली, "ताई विचारत होती हो तुम्हाला. शेवटपर्यंत." मग उठून स्वयंपाकघरात गेली आणि भांडी आपटायला लागली. जाताना नेहमीसारखी थट्टा केली नाही. 'येते' एवढंही म्हणाली नाही.

रविवारी ऑपरेटरने दाढी केली. अंगात इस्त्रीचा शर्ट घातला. या खिडकीतून माणूस दिसत नाही हे त्याला ठाऊक होतं. तीन वाजता लॅपटॉप उघडला. तिला काय सांगायचं ते त्याने कागदावर लिहून ठेवलं होतं. माफीचं काही नव्हतं त्यात. जहाजं हलली, बुधवारी एक डाव जिंकला, यादीत आलो, तुम्ही शिकवलंत म्हणून. एवढंच.

खाजगी खिडकीत जुनं सगळं होतं. मार्गदर्शन व्हावे, शिंक, वाफ, बारा जहाजं. खाली त्याच्या चार ओळी. त्याखाली करड्या अक्षरांत एक ओळ आपोआप आलेली होती : या सभासदाने खाते बंद केले आहे.

त्याने फळा उघडला. एका मुलाने सकाळी विचारलं होतं, किटकिटताई आज आहेत का, माझा बॉट मधेच मरतो. खाली उत्तर नव्हतं.

मग त्याने यादी उघडली आणि वरून वाचत आला. पस्तीस, छत्तीस, सदतीस. अडतिसाव्या नंबरावर कुणी दुसराच होता. त्याच्या खालचे सगळे एकेक घर वर सरकले होते. तो सावकाश खाली, खाली येत राहिला, शेकडो अनोळखी नावांमधून, आणि आपल्या नावापाशी थांबला.

नवशिक्या, सहाशे दहा. शेजारी वर जाणारा एक छोटा हिरवा बाण होता आणि लिहिलं होतं, अभिनंदन, तुमची प्रगती झाली आहे.